बायलरखात्याचं इंग्रजी

माघ लागला तरी ऐनाडीच्या उतारावर एकाही झाडाला कोयता लागला नव्हता.

एरवी या दिवसांत त्या उतारावर माणसं जमिनीवर दिसायची नाहीत, झाडांत दिसायची. भात झोडून झालं, पेंढा रचला, की वाडीतले पुरुष ऐनाकिंजळांवर चढत, फांद्या छाटून खाली सोडत, आणि बाया त्यांचे भारे बांधून खळ्यापर्यंत नेत. ती कवळ. वाळली की शेणाबरोबर, वाळक्या पातेऱ्याबरोबर दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपाच्या, तुकड्यावर पसरायची, वर माती द्यायची, आणि चैत्रात पेटवायची. भाजावळ झाली नाही तर रोप पिवळं पडतं आणि तण त्याच्या आधी डोकं वर काढतं. चौदा घरांचं वर्ष त्या एका जाळावर उभं.

यंदा आप्पा खोतांनी उतारावर राखणदार बसवला. डोंगर माझा खाजगी, म्हणाले, आणि तो कोळशाच्या मक्तेदाराला देऊन मोकळे झाले.

केरू रोज सकाळी दगडावर पाणी टाकून कोयता घासायचा. धार बोटाने बघायचा, पुन्हा घासायचा, उठायचा, पडवीत फिरायचा, पुन्हा बसायचा.

"अवं, घासून घासून झिजवाल त्येला," त्याची बायको मालन आतून म्हणाली. "मग काय दातांनी तोडनार?"

त्याने ऐकलं नाही. डाव्या अंगाने बोललेलं त्याला ऐकू येत नसे. मुंबईच्या गोदीत अकरा वर्षं तो बायलरखात्यात रिबिटा, पत्रे जोडायचे लोखंडी खिळे, तापवत होता. लोखंडाच्या पोटात बसायचं आणि बाहेरून चार चार घण पडायचे. छाती बिघडली म्हणून तो परत आला, पण कान आधीच गेले होते. त्यामुळे तो बोलायचाही मोठ्याने, जणू समोरचा माणूस शेताच्या पल्याड उभा आहे.

मालन बाहेर येऊन त्याच्या उजव्या अंगाला उभी राहिली.

"बाबल्याआजा येतोय. रघूपन हाय. काय बोलतील ता ठावं हाय ना तुमाला?"

ठाऊक होतं. म्हणून तर तो धड बसत नव्हता.

*

बाबल्याआजा वाडीतला सगळ्यांत म्हातारा. पायऱ्या चढून तो खांबाला टेकला, दम खाल्ला, आणि म्हणाला, "केरू, प्रांतसायब देवरुखात उतरलाय. अर्ज लिवून घेतलाय. पन तुना बोलाय व्हवा."

"लिवलाय ना? मग मी कशाला?"

"अरं," रघू मध्येच म्हणाला. तो केरूच्या चुलतभावाचा मुलगा, तोंडाने फटकळ. "सायबाचा कारकून कोन, खोताचा भाचा. आमी बोलनार ता तो सायबाला सांगनार. आमच्या तोंडातून डोंगर बाहेर पडल नि त्येच्या तोंडातून बाभळीचा काटा. गेल्या साली काय झाला? सखूआत्या बांध आपला म्हनून सांगत व्हती, नि कागदावर आला का तिची काय बी तक्रार नाय. तुना इंग्रजी येतंय. तू थेट सायबाशी बोल. मधी कोन नको."

"येतंय म्हंजी..."

"अकरा वर्सं गोऱ्याच्या हाताखाली व्हतास ना?"

"व्हतूं."

"त्यो इंग्रजीतच बोलायचा ना?"

"इंग्रजीतच."

"मग?"

केरूने कोयत्याची धार पुन्हा बोटाने बघितली. गोरा तो गोरा, त्याची भाषा ती भाषा. त्याचा फोरमन म्याकसाहेबही गोराच होता, त्याच्या मानेवर लाल केस होते, आणि तो केरूच्या उजव्या कानाशी तोंड आणून बोलायचा. त्याचा शब्द न शब्द केरूला कळे. तो सांगे तसं केरू करी. आणि केरू उलटून बोले तेही म्याकसाहेबाला कळे. मग आणखी काय असतं?

तरीही त्या हिशेबात कुठे तरी एक रिबिट निसटून पडली होती आणि सापडत नव्हती.

*

"बोला बगू," मालन म्हणाली. ती खळं सारवत होती, हात कोपरापर्यंत शेणात. "मी सायब."

"सायब असा सारवत नाय."

"बोला तरी. व्हय कसा म्हंतात?"

"आय."

तिने मान वर केली. "आय?"

"आय, सर. म्याकसायब तसाच म्हनायचा."

"म्हंजी गोरा पन घाबरला का त्याला आयसच आठवते." ती हसली. "बरं. गप बस कसा म्हंतात?"

"हौड यर वीश्ट."

"ता सांगू नका सायबाला. भाजावळ कसा म्हंतात?"

केरू थांबला. शेणाचा वास येत होता, वर उन्हात दोन घारी फिरत होत्या. भाजावळ. कवळ. दाढ. खोत. कूळ. एकेक शब्द त्याने उचलला आणि गोदीतल्या सांडशीत धरून बघितला. एकही बसेना.

"तकडं बायलर व्हता," तो म्हणाला. "दाढ न्हवती."

"मग?"

"आग म्हनता येईल. झाड म्हनता येईल. तोड, धर, सोड, आता नको, आता मार, ह्या सगळा म्हनता येईल."

मालनने हात झटकला. "फूरं की. आमाला तरी आनखी काय करायचं हाय त्या डोंगरावर?"

पुरं नव्हतं. तो कोयता घेऊन परसात गेला आणि अर्धा दिवस शेवग्याला ओरडून सांगत राहिला. शेवग्याने काही म्हटलं नाही.

*

देवरूख चार कोस. पहाटे निघालेली अकरा माणसं दुपार व्हायच्या आत आमराईत पोचली. तिथे तंबू होते, एक घोडा होता, मोटार होती. शिपायाने त्यांना आधी एका झाडाखाली बसवलं, मग वारा बघून दुसऱ्या झाडाखाली बसवलं, कारण पहिल्या झाडाकडून वारा तंबूत जात होता. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत ते बसून होते. केरू मात्र बसला नाही. तो झाडाभोवती फिरत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"गप बस रं," बाबल्याआजा म्हणाला. "तुजा बोलना सगळा हकडंच सांडल."

मग हाक आली.

टेबलामागे साहेब. तिशीचा, हनुवटी गुळगुळीत. बाजूला वेताच्या खुर्चीवर त्याचा कोणी पाहुणा साहेब पाइप ओढत. टेबलाच्या टोकाला कारकून, समोर दौत, टाक. आणि डावीकडे खुर्चीवर आप्पा खोत, पगडी नीट, उपरणं नीट. कुळं खाली उकिडवी बसली.

साहेबाने पुण्याच्या शास्त्र्याकडून मराठी शिकली होती. तो प्रत्येक अक्षर स्वतंत्र ठेवून म्हणाला, "आपले जे काही म्हणणे असेल, ते आपण निर्भयपणे निवेदन करावे."

पोथी सुरू झाल्यासारखं वाटून बाबल्याआजाने हात जोडले.

कारकून ओठ मुडपून हसला. "साहेब विचारतात, काय हवंय. बोला."

रघूने केरूला ढोसलं. केरू उभा राहिला. आवाज आला, बायलरच्या पोटातून बाहेर यायचा तसा, मोठा.

"आय, सर! खोत हौड द ट्री, सर! नो लेट अस कट! वी बर्न, सर, राइस कम गुड!"

खोताने झाड धरून ठेवलंय, तोडू देत नाही, आम्ही जाळतो तेव्हा भात नीट येतो. त्याला एवढंच म्हणायचं होतं.

साहेबाच्या भुवया वर गेल्या. पाहुण्याने पाइप तोंडातून काढला. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाहुणा खो खो हसत सुटला. साहेबही हसला, रुमालात.

मागे वाडीच्या माणसांची छाती फुगली. साहेब खूश झाला! रघू कुजबुजला, "बगलंव?"

साहेबाने विचारलं, कुठे शिकलास. केरूने सांगितलं. साहेब पाहुण्याला काही म्हणाला. पाहुणा पुढे वाकला आणि म्हणाला, पुन्हा बोल. केरू पुन्हा बोलला. आणखी बोल. तुझा फोरमन चिडला की काय म्हणायचा? केरूने ते सांगितलं. पाहुण्याने मांडीवर थाप मारली. आतून एक मडम तंबूचं दार सारून बघू लागली. पाहुणा नाकातून आवाज काढत केरूचंच वाक्य म्हणू लागला, म्हणजे केरूचं नव्हेच ते, म्याकसाहेबाचं, आणि ते म्हणताना त्याने तोंड असं वाकडं केलं की

केरूने ते तोंड आधी पाहिलं होतं.

गोदीत. ऑफिसातला मोठा साहेब खाली आला होता, बूट चकचकीत. म्याकसाहेब त्याला काही समजावत होता, टोपी हातात घेऊन. त्याची पाठ वळली तसा मोठ्या साहेबाने सोबतच्या माणसासमोर त्याची नक्कल केली, नेमकं हेच वाकडं तोंड करून. म्याकसाहेबाला ते ऐकू गेलं. मागे न बघता तो सांडशी पुसत राहिला. त्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही. केरूला तेव्हा वाटलं होतं, काही काम बिघडलं असेल.

काम बिघडलं नव्हतं. म्याकसाहेब त्यांच्या मुलखातला कुणबी होता. त्याची भाषा कुणब्याची. आणि अकरा वर्षं पोटाशी धरून, छाती जाळून, कान देऊन केरू जी भाषा घेऊन आला, ती तीच होती. गोऱ्यांच्या देशातही खाली बसणारे होते आणि खुर्चीवर बसणारे होते. खुर्चीवरची भाषा त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

"गो ऑन," साहेब म्हणाला, डोळे पुसत.

केरू बोलला नाही.

*

त्या दिवशीच्या कागदावर कारकुनाने हे लिहिलं:

सदरहू इसम नामे केरू, धंदा शेती, जबानी देतो की, मौजे मजकूर येथील डोंगर खोतांचे खाजगीचा असलेबाबत हरकत नाही. झाडे तोडणेची मोकळीक मेहेरबानीने मिळावी अशी विनंती आहे.

*

केरूला वाचता येत नव्हतं. पण टाक चाललेला त्याला दिसला. आपण तोंड मिटलंय आणि तो टाक चाललाय, हे दिसलं.

"ह्यो काय लिवतोय?" तो ओरडला. "मी बोललूंच नाय, मग ह्यो काय लिवतोय?"

शिपाई पुढे झाला. आप्पा खोत शांतपणे म्हणाले, "बघा साहेब. यांना मान दिला की असं होतं."

"सायब," केरू म्हणाला. आता तो त्याच भाषेत बोलत होता ज्या भाषेत तो कोयता मागायचा, पाणी मागायचा. "तुमच्या भाशेत मना येत नाय. मना वाटला येतंय, पन नाय येत. मी आता माज्या बोलीत बोलतूं. तुमी ऐका. हा सांगल ता ऐकू नका."

कारकून सांगायला लागला, "अर्जदार असे म्हणतो की..."

साहेबाने हात वर केला. हसू अजून ओठांवर होतं, पण सैल झालं होतं. "हळूहळू बोलावे," तो केरूला म्हणाला.

"आमी झाड मारत नाय. झाड मारून आमाला काय? फांदी तोडतूं. माज्या आज्यानं तोडलान, बापानं तोडलान. झाडाला इचारा."

"झाडास विचारा?"

केरूने इकडेतिकडे पाहिलं. आमराईच्या कडेला, तंबूच्या दोरीजवळ, एक ऐन उभा होता. तो तिकडे चालू लागला. शिपायाने दंड धरला. साहेब काही बोलला, शिपायाने सोडला. केरूने ऐनाच्या खोडावर तळवा ठेवला. जिथे जिथे फांदी छाटली होती तिथे झाडाने गाठ धरली होती, गाठीवर गाठ, मुठीएवढी, गुडघ्याएवढी, वारुळासारखी.

"हे बगा. तोडला का झाड गाठ धरतं. पुन्ना तोडला का पुन्ना धरतं. हा एक. हा दोन." तो मोठ्याने मोजू लागला. "खोत म्हंतात, आमी कदी तोडलाच नाय, मालकी त्यांची. ऐनाडीवर चला नि गाठी मोजा. कागद खोटा बोलल. गाठ कशी बोलल?"

साहेब उठला. खुर्चीवरून उठून, टेबलाला वळसा घालून, झाडाजवळ आला. बोटाने एक गाठ चाचपली. पाहुण्याने काही विनोद केला, साहेब हसला नाही.

"उद्या प्रातःकाळी मी तो डोंगर पाहीन," तो म्हणाला.

वाडीची माणसं उठली. आप्पा खोतही उठले आणि उपरणं सावरून, कोणाशी न बोलता, त्यांच्याही आधी निघाले.

तेव्हा कोणाला काही सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

*

सकाळ. ऊन अजून पायथ्याशीच. केरू पुढे, मागे सगळी वाडी, बायासुद्धा. साहेबाला बायांनीही बघावं, असं मालनचं म्हणणं होतं.

वाट अर्धी चढून झाली आणि मालनने त्याचा दंड पकडला.

"अवं! कुऱ्हाडी!"

घाव त्याला ऐकू येत नव्हते. त्याने वर बघितलं. ऐनाडीच्या उतारावर एक शेंडा हलला, वारा नसताना. मग तो एका बाजूला कलला आणि दिसेनासा झाला. मग दुसरा. त्याच्या कानात काहीच नव्हतं, नुसते शेंडे जात होते, एकामागून एक, जणू कोणी खालून ओढून घेतंय.

तो धावला. छाती भरून आली, खोकला आला, तो खोकत धावला.

मक्तेदाराची चाळीस माणसं होती. उजाडल्यापासून लागली होती. वर कड्यालगत आठदहा झाडं उभी, बाकी उतार आडवा. पांढरट ठोंब, ओला वास, आणि पाला, पाला, गुडघ्याइतका पाला.

"मेल्यांनो!" रघू ओरडला. एका लाकूडतोड्याने कुऱ्हाड टेकली आणि खाली बघत म्हणाला, "आमाला सांगितलान, आमी करतूं."

साहेब आला तेव्हा घामाने भिजला होता. कारकून मागे, दप्तर काखेत. आप्पा खोत दगडावर बसलेलेच होते.

"कराराची मुदत आहे साहेब," खोत म्हणाले. "काम आजच सुरू व्हायचं होतं. योगायोग."

साहेबाचे कान लाल झाले. त्याने पडलेल्या एका खोडावरची गाठ बुटाने दाबून पाहिली. मग पुढची. आडव्या झाडावरही गाठी होत्याच, पण आता त्या कोणाच्या कामाच्या? कारकुनाने कराराची नक्कल पुढे केली. साहेबाने वाचली. ती रीतसर होती. लाकूड मक्तेदाराचं.

"पाला," साहेब नक्कल परत देत म्हणाला. "पाला या लोकांनी न्यावा."

"नेऊ दे की," आप्पा खोत म्हणाले. "माझी हरकत नाही. यंदाची भाजावळ होईल त्यांची. अंगठा तेवढा देऊन जावं, म्हणजे उगाच पुन्हा साहेबांना त्रास नको."

कारकुनाने खोडावर कागद ठेवला, लिहिलं, आणि वाचलं: खोतांनी कृपावंत होऊन पाला दिला असलेने अर्जदारांची कोणतीही तक्रार राहिलेली नाही.

बायांनी भारे बांधायला सुरुवातही केली होती. त्यांतल्या चिमाने पहिला भारा आवळला, गुडघा देऊन. तीन वर्षांची कवळ एका सकाळीत जमिनीवर पडली होती. सगळे केरूकडे बघत होते. बाबल्याआजा त्याच्या उजव्या कानाशी म्हणाला, "दे रं अंगठा. रोप तरी येल."

केरूचा अंगठा पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. अंगठा दिला तर पाला मिळतो आणि डोंगर जातो. नाही दिला तर पालाही जातो, डोंगरही. मागे सखूआत्या होती. तिच्या बांधावर आता खोताची सुरूची झाडं होती.

"ह्या माजा बोलना नाय," तो म्हणाला.

"तुझंच आहे," कारकून म्हणाला. "शुद्ध करून लिहिलंय."

"शुद्ध करताना माजी तक्रार कुठं गेली?"

कारकून टाक पुसू लागला.

"मी बोलतूं तसा लिवा. शबुद न शबुद. मग अंगठा देतूं."

"साहेब, ही भाषा दप्तरात चालत नाही."

साहेब पडलेल्या झाडांकडे बघत होता. त्याला कालच्या हसण्याची लाज वाटली, की न्याहारीला उशीर होत होता, केरूला कळलं नाही. साहेब एवढंच म्हणाला, "लिहा."

"साहेब..."

"तो जसे बोलतो तसे लिहा. आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवा."

आप्पा खोत दगडावरून उठले.

केरू बोलला. एकेक वाक्य, थांबून, कारकुनाचा टाक पोचेपर्यंत. टाक अडखळत होता. दोनदा शाई सांडली. उन्हं वर आली, ठोंबांतून चीक सुकू लागला, बाया भाऱ्यांवर बसून ऐकत राहिल्या. मग कारकून उभा राहिला. त्याचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला होता. तो वाचू लागला:

"मी केरू सांगतूं. आज पडल्याली झाडं आमी तोडल्याली नाय. गाठी सायबानं हातानं बगितल्यान. पाला आमचा म्हनून नेतूं..."

खोताच्या भाच्याच्या तोंडातून 'नेतूं' बाहेर पडलं तशी मालन फिसकन हसली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. मग चिमा हसली, मग रघू, मग सगळा उतार. लाकूडतोडेसुद्धा. कारकुनाने कागद खाली केला.

केरू हसला नाही. तो कारकुनाच्या अगदी जवळ जाऊन, उजवा कान त्याच्या तोंडाशी धरून उभा होता. एकही शब्द सुटायला नको होता.

"थांबू नका," तो म्हणाला. "फुडं वाचा."

"...खोतानं दिलान म्हनून नाय. ठोंब आमचं. ठोंबाला फूट येल, ती आमी तोडनार. तक्रार हाय नि ऱ्हानार."

"पुन्ना वाचा."

"सगळं?"

"सगळा."

कारकुनाने पुन्हा वाचलं. या खेपेला कोणी हसलं नाही. केरूने ओठ हलवत शब्द मोजले. सगळे होते. मग त्याने अंगठा धोतराला पुसला आणि शाईकडे हात केला.